गोळ्यांच्या रांगेतच तपासणी द्या : आरोग्यमंत्री आणि वैद्यकीय शिक्षणमंत्री यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, परिचारिका होते, आता निवृत्त आहे. पत्र दोन्ही खात्यांना मिळून लिहिते आहे, कारण ज्या बायकांसाठी हे लिहायला बसले त्यांच्या गोळ्यांचा हिशेब एका कार्यालयात असतो, त्यांच्या गावचं उपकेंद्र दुसऱ्या खात्यात, आणि कर्करोग निघालाच तर शेक (रेडिएशन) देणारं यंत्र तिसऱ्याच ठिकाणी. मधल्या मध्ये बाई हरवते.

मागणी आधीच सांगते. राज्यातल्या प्रत्येक एआरटी केंद्रावर २५ वर्षांपुढच्या प्रत्येक स्त्रीची एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या विषाणूची, तपासणी ती गोळ्या घ्यायला येते त्याच दिवशी व्हावी. आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या कोणाही माणसाला कर्करोग निघाला, तर इतर रुग्णांना मिळतात तेच उपचार, तेवढेच, त्याच क्रमाने मिळावेत.

१ एप्रिल २००४ रोजी सरकारने एआरटी मोफत सुरू केली. त्याआधी आम्ही काय पाहिलं ते इथे उगाळत नाही. त्या औषधांनी माणसं जगली. तेव्हा कडेवर मूल घेऊन, नवऱ्याचं दिवसकार्य उरकून आलेल्या तिशीतल्या विधवा आज पन्नाशीला आल्या आहेत. सुना आल्या, नातवंडं झाली. व्हायरल लोडच्या रिपोर्टवर ‘टीएनडी’, म्हणजे विषाणू सापडला नाही, असं लिहून येतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पण विषाणू रक्तात दिसेनासा झाला म्हणून आधीच्या वर्षांत प्रतिकारशक्तीचं जे नुकसान झालं ते सगळं भरून निघत नाही. या बायका आता क्षयाने कमी आणि कर्करोगाने जास्त जाताना मी पाहिल्या.

एचआयव्ही आणि कर्करोग यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. १९८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या तरुण पुरुषांमध्ये कापोसी सार्कोमा हा एरवी म्हाताऱ्या माणसांत क्वचित दिसणारा कर्करोग आढळला, तेव्हा एड्सला नावसुद्धा नव्हतं. पुढे काही प्रकारचे लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचे कर्करोग, आणि १९९३ पासून गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोग, हे एड्सचं निदान ठरवणाऱ्या आजारांच्या यादीत आले. एचआयव्ही स्वतः पेशीला सहसा कर्करोगी करत नाही. तो पहारा काढून घेतो, आणि शरीरात आधीच असलेले दुसरे विषाणू मोकळे सुटतात. कापोसीमागे हर्पिस कुळातला विषाणू आहे, तो १९९४ मध्ये सापडला. बऱ्याच लिम्फोमांमागे एपस्टाइन-बार विषाणू, यकृताच्या कर्करोगामागे कावीळ ब आणि क, आणि गर्भाशयमुखाच्या व गुदद्वाराच्या कर्करोगामागे एचपीव्ही.

एचपीव्हीची लागण बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी होते आणि वर्ष-दोन वर्षांत शरीर तिला हुसकावून लावतं. एचआयव्ही असेल तर ती ठाण मांडते. निरोगी बाईत या लागणीचा कर्करोग व्हायला १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती खालावली असेल आणि उपचार नसतील तर ५ ते १० वर्षांत होऊ शकतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सहापट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एआरटी आल्यावर कापोसी आणि लिम्फोमा झपाट्याने कमी झाले. गर्भाशयमुखाचा कर्करोग मात्र नुसत्या गोळ्यांनी तितका आटोक्यात आला नाही. त्याला तपासणीच लागते.

माननीय मंत्रीमहोदय, ही तपासणी जीव वाचवते याचा पुरावा जगाला आपल्याच राज्याने दिला. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात पसरलेला कर्करोग आणि त्याने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाच्या डॉक्टरांनी दहावी शिकलेल्या मुलींना तयार करून नुसतं व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याच्या तपासणीवर, दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात, मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी करून दाखवले.

या दोन्ही अभ्यासांत एक गट असाही होता ज्याला तपासणी दिली नव्हती, फक्त माहिती दिली होती. तुलना करायची म्हणून. त्या गटातल्या बायका जास्त मेल्या, आणि त्यांच्या मरणामुळे तपासणीचा उपयोग सिद्ध झाला. यावर तेव्हा जगभर वाद झाला, व्हायलाच हवा होता. मला एवढंच म्हणायचं आहे की त्या बायका आपल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही चाचणीची शिफारस करते त्यामागे धाराशिवच्या खेड्यांतली ती वर्षं आहेत. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या जेमतेम २ टक्के निघाल्या. देशात वर्षाला सव्वा लाखाच्या वर स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि ८० हजारांच्या आसपास दगावतात.

आता केंद्रावर काय होतं ते सांगते. बाई सकाळच्या एसटीने येते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं हिरवं पुस्तक काढते. वजन होतं. मग चार प्रश्न विचारले जातात: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, रात्री घाम येतो का. हे क्षयाचे चार प्रश्न प्रत्येक भेटीत, प्रत्येकाला विचारायचे असतात, आणि या चार प्रश्नांनी महाराष्ट्रात किती जीव वाचवले असतील. गोळ्या उरल्यात का ते मोजून बघायचं, समुपदेशकाशी बोलायचं, दोन-तीन महिन्यांच्या बाटल्या घ्यायच्या आणि परतीची गाडी गाठायची. अंगावरून पांढरं जातं का, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसलं का, संबंधानंतर रक्त जातं का, हे कोणी विचारत नाही. कार्डावर त्यासाठी रकाना असता तर विचारलं गेलं असतं. सरकारी कामात रकान्याला किती किंमत आहे हे आपण जाणता.

स्त्रीरोग विभागाकडे चिठ्ठी देऊन पाठवता येतं, आणि आम्ही पाठवायचोही. विभाग दुसऱ्या इमारतीत. वेगळा केसपेपर, वेगळी रांग, बाराला ओपीडी बंद. त्या दिवसाची मजुरी आधीच बुडालेली असते, आणखी एक दिवस कुठून आणायचा? तिथे गेल्यावर टेबलाशी भरल्या खोलीत कोणीतरी मोठ्याने म्हणतं, “एआरटीची आहे का?” ती बाई पुन्हा जात नाही. गावच्या उपकेंद्रात तपासणीचा दिवस असतो, पण तिथे सगळ्या ओळखीच्या. पॉझिटिव्ह असल्याचं गावात कळू नये म्हणून जी तालुका सोडून जिल्ह्याला गोळ्या घ्यायला येते, ती गावच्या दवाखान्यात तपासणीला बसणार कशी?

म्हणून एआरटी केंद्रच हवं. तिथे तिची भीड चेपलेली असते.

कामही फार अवघड नाही. एचपीव्ही चाचणीसाठी नमुना बाई स्वतः घेऊ शकते. मऊ ब्रश, दोन मिनिटं, संडासाचं दार लावून. कोणासमोर पाय पसरून झोपायला नको, म्हणून तयारी लगेच होते. क्षयाच्या तपासणीसाठी ट्रूनॅट यंत्रं तालुक्यांपर्यंत पोचली आहेत, ती गोव्याच्या कंपनीने बनवलेली. त्याच यंत्रावर चालणारी एचपीव्हीची चिपसुद्धा निघाली आहे. यंत्र आहे, चालवणारा तंत्रज्ञ आहे, बाई दर दोन-तीन महिन्यांनी स्वतःहून येते. एवढी जुळून आलेली संधी मला दुसऱ्या कुठल्या आजारात दिसलेली नाही.

चाचणी पॉझिटिव्ह आली तरी कर्करोग झाला असं नव्हे, आणि हे बाईला नीट बसवून सांगावं लागतं, नाहीतर ती घाबरून मरेल. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये एचपीव्ही जास्त जणींत निघतो, म्हणून जागतिक संघटना त्यांच्यासाठी मध्ये आणखी एक पायरी सांगते: गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिड लावून एखादं मिनिट थांबायचं, पांढरा चट्टा उमटतो का पाहायचं, किंवा दुर्बिणीने पाहून तुकडा घ्यायचा. बिघाड वरवरचा असेल तर थर्मल अ‍ॅब्लेशन, म्हणजे तापवलेल्या छोट्या सळईने ती जागा जाळणं, हे मिनिटभराचं काम आहे. भूल लागत नाही, बाई चालत घरी जाते. बिघाड खोल असेल तर तारेच्या फासाने तो भाग काढायचा. एवढ्यावर कर्करोग टळतो. मात्र या स्त्रियांत बिघाड पुन्हा उद्भवण्याची शक्यता जास्त, म्हणून वर्षाने परत बघायचं, आणि चाचणी चांगली आली तरी ३ ते ५ वर्षांनी पुन्हा करायची. इतर स्त्रियांसाठी हे अंतर ५ ते १० वर्षांचं आहे.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. याच मराठवाड्यात कर्करोगाची भीती दाखवून गर्भपिशव्या काढल्या गेल्या. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या तिशीच्या बाईला “कॅन्सर होईल” म्हणून सांगितलं, सोनोग्राफी केली, मुकादमाकडून उचल घ्यायला लावली. तीच भीती घालवणारी तपासणी सरकारी दवाखान्यात सहज मिळाली असती, तर त्यातल्या कितीतरी जणींची शस्त्रक्रिया टळली असती.

आता कर्करोग निघालेल्यांबद्दल.

आमच्याकडची एक ताई. गोळ्या कधी चुकवल्या नाहीत, रिपोर्ट वर्षानुवर्षं टीएनडी. रक्त जायचं तर “पाळी जायचं वय झालं” म्हणून दोन ठिकाणी परत पाठवलं होतं. केंद्रात आली तेव्हा वासामुळे ती स्वतःच दूरच्या बाकावर जाऊन बसली. कंबरेला आतून फडक्यांचा जाड थर. तिसरी स्टेज निघाली. तिला शेक सुरू झाला, बाहेरून द्यायचा तो पूर्णही झाला. त्यानंतरचा आतून द्यायचा शेक, ब्रॅकीथेरपी, पुढे ढकलला गेला. आधी यंत्र बंद म्हणाले, मग “तुमच्यासारख्यांना शेवटी घेतो” म्हणाले, मग तारीखच आली नाही. पोळ्याच्या आधी ती गेली. कुठल्या रुग्णालयात हे झालं ते मी लिहीत नाही, कारण एका रुग्णालयाला नोटीस काढून हा प्रश्न मिटेल असं मला वाटत नाही.

गर्भाशयमुखाच्या पुढे गेलेल्या कर्करोगाचे उपचार ठरलेले आहेत. साधारण पाच आठवडे बाहेरून शेक, त्याबरोबर आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचं सलाईन, आणि शेवटी ब्रॅकीथेरपी. सगळं आठ आठवड्यांत संपायला हवं, लांबलं की गुण कमी येतो. ब्रॅकीथेरपी वगळून बाहेरचा शेक दिला तर उपचार अर्धवटच राहतात. एचआयव्ही आहे म्हणून यातली एकही गोष्ट कमी करायची नसते. एआरटीवर असलेली, बरी ताकद असलेली बाई हे उपचार इतरांसारखेच सोसते. आतल्या शेकाची उपकरणं प्रत्येक रुग्णानंतर निर्जंतुक करावीच लागतात, मग तिला शेवटी घ्यायचं कारण कोणतं? एचआयव्ही प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. आरोग्यसेवा नाकारणं किंवा मध्येच बंद करणं हा त्यानुसार भेदभाव आहे. कर्मचाऱ्यांना सुरक्षेची साधनं आणि प्रशिक्षण देणंही त्याच कायद्याने संस्थेवर बंधनकारक आहे, आणि हातमोजे संपले की भीती वाढते हे मी आतून सांगते. तक्रारीसाठी लोकपाल नेमायचा आहे. त्याने ३० दिवसांत आणि तातडीच्या प्रसंगी शक्य तर २४ तासांत आदेश द्यायचा आहे. कोणत्याही कर्करोग विभागाच्या भिंतीवर त्या लोकपालाचा फोन नंबर लावलेला मी पाहिला नाही.

वैद्यकीय बाजूने काळजी घ्यावी लागते ती औषधांच्या जुळणीची. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर ताण आणतं आणि एआरटीतलं टेनोफोव्हिरही आणतं, तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्तचाचणी, बघत राहावं लागतं. एआरटीतलंच झिडोव्ह्यूडिन रक्त कमी करतं, केमो चालू असताना ते बदलून घेतलेलं बरं. दुसऱ्या फळीच्या गोळ्यांतलं रिटोनाव्हिर व्हिन्क्रिस्टीनसारखं केमोचं औषध शरीरात साठवून ठेवतं, मग हातापायांच्या नसा जातात, आतडी मंदावतात. डोल्युटेग्राव्हिर असलेली एका गोळीची पद्धत आल्यापासून हे त्रास पुष्कळ कमी झाले. केमो आणि शेकाने सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, घसरतो, विषाणू दबलेला असला तरीही, म्हणून दुसरे संसर्ग टाळायला कोट्रायमोक्साझोल सुरू करायचं. यातली कुठलीच गोष्ट उपचार नाकारण्याचं कारण होत नाही. दोन डॉक्टरांनी फोनवर बोललं की प्रश्न मिटतो. पण एआरटीचा डॉक्टर आणि कर्करोगाचा डॉक्टर एकमेकांना ओळखतही नाहीत. बाई दोघांच्या चिठ्ठ्या इकडून तिकडे नेत राहते, आणि कित्येकदा केमो सुरू झाली म्हणून एआरटीच्या गोळ्या आपणहून बंद करते. हे थांबवायला पैसे लागत नाहीत. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात दोन्ही विभागांनी आठवड्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसावं, असा आदेश पुरे.

मी बायकांबद्दलच लिहीत गेले, पण पुरुषांचंही एक दुखणं सांगायला हवं. मानेत गाठ, ताप, घटलेलं वजन, रात्रीचा घाम. वर सांगितलेले क्षयाचे प्रश्न आठवून पाहा. लिम्फोमाची लक्षणं हुबेहूब तीच. आपल्याकडे क्षय इतका आहे की गाठ दिसली की एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू होते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरतं. पण सुई टाकून नक्की निदान न करता सुरू केलेल्या एकेटीवर दोन महिने गाठ वाढतच राहिली, तर तेव्हा तरी अख्खी गाठ काढून तपासायला हवी. ती तपासत नाहीत, आणखी दोन महिने वाट बघतात. हा लिम्फोमा वेगाने वाढणारा असतो आणि वेळेत सापडला तर बरा होऊ शकतो. रिटुक्सिमॅबसह चॉप ही केमो साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने सहा वेळा, सोबत एआरटी. प्रतिकारशक्ती टिकून असलेल्या माणसाला एचआयव्ही नसलेल्यांच्या जवळपास जाणारा गुण येतो. कापोसी आपल्याकडे क्वचितच दिसतो. थोडा असेल तर एआरटीनेच ओसरतो, पसरला असेल तर लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन किंवा पॅक्लिटॅक्सेल ही केमो. आणि पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या, तृतीयपंथीयांच्या गुदद्वाराच्या कर्करोगाबद्दल आपल्याकडे कोणी तोंड उघडत नाही. आधीचा बिघाड शोधून उपचार केले तर हा कर्करोग निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतल्या ४ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासाने २०२२ मध्ये दाखवलं. निदान मोठ्या शहरांतल्या केंद्रांवर तरी याची सुरुवात करा.

लसीचा एक मुद्दा राहिला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही एचपीव्हीची देशी लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. इतर मुलींना एक किंवा दोन डोस पुरतात, पण एचआयव्ही असलेल्या मुलींना किमान दोन, शक्यतो तीन द्यावेत असं जागतिक संघटना सांगते. जन्मतः लागण झालेल्या मुली आपल्या एआरटी केंद्रांच्या यादीत नावानिशी आहेत. त्यांना शोधायला शाळाशाळांत जायला नको.

आपल्या दोघांच्या सहीने एकच परिपत्रक निघावं ही विनंती आहे. एआरटीच्या कार्डावर रक्तस्रावाच्या प्रश्नांचा आणि एचपीव्ही चाचणीच्या तारखेचा रकाना असावा. चाचणीची किट गोळ्यांच्याच पुरवठ्यातून यावीत, थर्मल अ‍ॅब्लेशनचं यंत्र निदान प्रत्येक जिल्ह्यात असावं. कर्करोग निघालेल्या रुग्णाबरोबर केंद्राचा एक माणूस पहिल्या भेटीला जावा, त्याचा प्रवासखर्च मंजूर असावा. जनआरोग्य योजनेची मंजुरी, रेशनकार्ड, फोटो या खिडक्यांवरच अर्ध्या बाया माघारी फिरतात. कोणत्या रुग्णाला ब्रॅकीथेरपी मिळाली आणि कोणाला नाही, याचा आकडा राज्य एड्स नियंत्रण संस्थेकडे दर तिमाहीला जावा. देशात एचआयव्हीसह जगणारी सर्वांत जास्त माणसं आपल्या राज्यात आहेत, तेव्हा याची सुरुवात इथून झाली तर इतर राज्यांनाही वाट सापडेल.

१ डिसेंबरच्या, जागतिक एड्स दिनाच्या, कार्यक्रमांची तयारी दरवर्षी ऑक्टोबरातच सुरू होते. परिपत्रक त्याआधी निघालं, तर त्या दिवशी रॅलीसाठी गोळा होणाऱ्या बायकांची पहिली तपासणी तिथेच करता येईल. माझ्या ओळखीच्या सिस्टर्स आणि समुपदेशक त्यासाठी सुट्टीच्या दिवशीही यायला तयार आहेत, तसं त्यांनी मला सांगितलं आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, एआरटी केंद्र, मराठवाडा